आसईचं मैदान सहा फुटांत: टेरेन, किट आणि प्रदर्शनाचं टेबल

तिरपी फळी

मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज धागा काढायचं धाडस करतोय. मिनिएचर वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी टेबलावर लढाया खेळायच्या छंदाच्या, एका प्रदर्शनात टेबल मांडायचं कबूल करून बसलोय. विषय आसईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. टेबल सहा फूट बाय चार फूट, फिगर (सैनिकांचे पुतळे) १५ मिमीच्या.

लढाई बहुतेकांना माहीत असेल, तरी टेबलापुरती सांगतो. शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपी पद्धतीने शिकवलेल्या पायदळाच्या तुकड्या) हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखाली केळणा नदीच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभे आहेत. त्यांच्या पाठीशी उत्तरेला जुई नदी. दोन्ही नद्या पूर्वेला जाऊन मिळतात, त्यामुळे मधली जमीन जिभेसारखी निमुळती होत जाते. दक्षिणेकडून इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली येतो. त्याची मूळ फौज साडेचार हजारांच्या आसपास, शिवाय म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ. समोर नुसते कवायती पायदळच दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या घरात, आणि बाकीचं घोडदळ-पायदळ वेगळंच. वाटाडे सांगतात की समोरचा उतार (नदीतून चालत पार होता येईल अशी उथळ जागा) सोडला तर दुसरीकडे नदी ओलांडता येणार नाही. वेलस्ली दुर्बिणीतून बघतो तर खाली पूर्वेला पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर. तो म्हणतो, गावं अशी आमनेसामने वसली असतील तर मधून जायला वाट असणारच. आणि असते.

माझी अडचण नेमकी इथे आहे. नदी करायची तर उतार दाखवावा लागतो. उतार दाखवला की टेबलाशी आलेला कोणीही पहिल्या मिनिटाला बोट ठेवणार, "इथून जायचं". मग वेलस्लीने काय विशेष केलं? न दाखवावा, तर लोक म्हणणार नकाशा चुकला. डोकं चालेना. सल्ला द्या.

बाकी प्रगती: एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन) फोमच्या तीन फळ्या, प्रत्येकी दोन फूट बाय चार फूट. मधली टेकडी काल स्प्रे प्रायमरने आटून गेली, तो किस्सा नंतर.

ब्रशबहाद्दर

टेकडीचा किस्सा आधी!

तिरपी फळी

काही नाही हो. डब्यातल्या स्प्रेमधलं द्रावण पॉलिस्टायरीन विरघळवतं हे पाठ होतं. तरी घाईत "लांबून मारला तर काय होतंय" म्हटलं. दहा सेकंदांत टेकडीला देवीचे व्रण. आता आधी पीव्हीए (पांढरा गोंद) आणि काळ्या ॲक्रिलिकचे दोन हात ब्रशने द्यायचे, कोपरे-कडा न विसरता, आणि मगच स्प्रेला हात लावायचा. खड्डे वाया गेले नाहीत म्हणा, त्यांचीच एक खडकाळ घळ केली.

जुना शिसेवाला

चांगला धागा, वाचतोय. पहिला प्रश्न: १५ मिमी का? प्रदर्शनात माणूस चार फुटांवरून बघतो. १५ मिमीची पलटण त्याला मुंग्यांची रांग वाटते. २८ मिमी घ्या. चेहरे दिसतात, पट्टे दिसतात, माणूस थांबतो.

तिरपी फळी

काका, हिशोब मांडतो, मग रागवा. जमिनीचं प्रमाण मी १ मिमीला २ मीटर धरलंय. म्हणजे सहा फुटांत साडेतीन किलोमीटरच्या वर मावतात आणि दोन्ही नद्या एकाच टेबलावर येतात. दोन नद्यांमधली लढाईची आघाडी साधारण मैलभराची, ती होते ८० सेंमी. सहाशे माणसांची पलटण दोन रांगांत उभी केली तर ३०० जोड्या, जोडीला अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जागा, म्हणजे १६०-१६५ मीटर. टेबलावर ८ सेंमी. तेवढ्यात १५ मिमीच्या वीस फिगर नीट उभ्या राहतात. २८ मिमीच्या राहतील दहा, आणि त्याही खांदे आखडून. वीस फिगरची रांग पलटण वाटते. दहांची रांग रेशनची वाटते.

आणि बंदुकीचा पल्ला. शंभर मीटर धरा, माझ्या टेबलावर ५ सेंमी. २८ मिमीची फिगर म्हणजे माणूस साधारण १/५६. तोच आकार खरा मानून पल्ला काढला तर शंभर मीटरचे होतात पावणेदोन मीटर! म्हणजे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच बार. म्हणून फिगरचं प्रमाण आणि जमिनीचं प्रमाण कधीच जुळत नाही. जुळवायला गेलात तर लढाई राहते बाजूला आणि दोन टोळ्यांची चकमक उरते.

ब्रशबहाद्दर

चकमकीत काय वाईट आहे? मी असतो तर अख्खी आसई केलीच नसती. नुसतं आसई गाव केलं असतं. इंग्रजांची ७४वी हायलँडर रेजिमेंट आणि पुढचे पिकेट (पहाऱ्याच्या तुकड्या) वाट चुकून गावाच्या तोंडाशी जातात, तोफा त्यांना भाजून काढतात, आणि उरलेसुरले चौकोनी व्यूह करून उभे राहतात. तेवढाच कोपरा, २८ मिमी, मातीच्या भिंती, धूर. लोक रडतील बघून.

तिरपी फळी

रडतील, पण खेळतील काय? तोफा गोळे टाकतात, ७४वी मरते. दर डावाला तेच.

नकाशावाचक

दोघांचंही पटतंय, पण मूळ प्रश्न राहिला बाजूला. उताराबद्दल माझं मत: उतार दाखवूच नका. गावं दाखवा.

वेलस्लीला उतार दिसला नव्हता, त्याला गावं दिसली होती. म्हणजे खेळाडूलाही तेवढंच दिसू दे. दोन्ही काठ सारखेच उभे कापा, एका बाजूला सहा-सात घरं, समोर सहा-सात घरं. गावातून निघालेली बैलगाडीची चाकोरी शेतात येऊन विरून जाऊ दे, पाण्यापर्यंत आणू नका. ज्याला गाव म्हणजे काय ते कळतं तो बरोबर बोट ठेवेल.

मात्र नदीवर आणखी एक-दोन एकेकटी गावं टाका, समोर जोडीदार नसलेली. नाहीतर आख्ख्या काठावर दोनच गावं असली की पुन्हा बोंब.

तिरपी फळी

दंडवत स्वीकारा! हे सुचलंच नव्हतं. काठाची उंची मात्र खोटी करावी लागेल. पाच मीटरची दरड १ ला २००० या प्रमाणात अडीच मिमी होते, ती फ्लॉकखालीच (गवत म्हणून भुरभुरवायचा भुसा) गाडली जाईल. मी आठ मिमी धरतोय. उभं प्रमाण आडव्याच्या तिपटीने फुगवलंय, इतिहासकारांनी माफ करावं.

रेझिनराव

उशिरा आलो. टेरेनबद्दल, म्हणजे टेबलावरच्या जमिनीबद्दल, एक विनंती: कृपा करून पिवळं वाळवंट करू नका. "इंडिया" म्हटलं की जगभरची टेबलं वाळू ओततात आणि दोन खजुराची झाडं उभी करतात. ही लढाई सप्टेंबरअखेरची, पाऊस सरत आलेला. दख्खनची काळी माती, वर हिरवं गवत, नद्या गढूळ. बाजारात तयार मिळणारे मातीचे रंग बहुतेक युरोपच्या शेतांचे असतात, तांबूस-तपकिरी. ते सरळ वापरले तर तुमची आसई बेल्जियमला जाऊन पोचेल.

माझी कृती: काळा आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) अर्धा-अर्धा, ओला असतानाच बारीक चाळलेली वाळू, वाळल्यावर राखाडीचा अगदी हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात). पांढरा लावायचा मोह आवरा, काळी माती पांढरी चमकली की सिमेंट दिसते. स्टॅटिक ग्रास (कृत्रिम गवताचे बारीक धागे) २ मिमीचं मूळ म्हणून आणि मधूनमधून ४ मिमीचे झुबके.

वाचनमात्र

स्टॅटिक ग्रास उभं कसं राहतं? माझं नेहमी आडवं पडतं, वाळलेल्या शेवाळासारखं दिसतं.

रेझिनराव

नुसतं भुरभुरवून उभं राहणार नाही. ॲप्लिकेटर लागतो, त्याची जाळी एका ध्रुवाला आणि क्लिप जमिनीला. धाग्यांवर विद्युतभार बसतो आणि ते क्षेत्राच्या रेषेत उभे राहतात. क्लिपचा खिळा ओल्या गोंदातच रुतवा, वाळलेल्या जागी रुतवला तर काही होत नाही. गोंदाचा थर पातळ हवा पण ओला हवा, आणि एका वेळी हातभर जागाच घ्यायची. झाल्यावर फळी उलटी धरून टिचक्या मारा, सुटं गवत कागदावर पडेल, ते परत डब्यात.

पाचवा मावळा

उंच पिकासाठी काथ्याचं पायपुसणं कापून बघा. रबरी पाठीचं. दोन सेंमी रुंदीच्या पट्ट्या, वरून कात्रीने कमीजास्त, मग हिरवट रंगाचा हात. १५ मिमीला जरा उंच होतं, अर्ध्यावर छाटा. आणि लांब गवताच्या माळासाठी टेडी बेअरची फर. लांब केसांचं कापड घ्यायचं, फळीला चिकटवायचं, ट्रिमरने भादरायचं, ॲक्रिलिक चोपडून ओलं असतानाच कंगवा फिरवायचा. रंग वाळेपर्यंत दर दहा मिनिटांनी कंगवा. विसरलात की हेल्मेट तयार.

ब्रशबहाद्दर

"हेल्मेट तयार" 😂 माझ्याकडे आहे एक.

जुना शिसेवाला

टेरेन बाजूला ठेवा, फिगरचं बोला. सैन्य कुठून आणताय? प्लास्टिकच्या खोक्यात आसई मिळत नाही.

तिरपी फळी

मिळत नाहीच. कारण सरळ आहे, प्लास्टिकला पोलादी साचा लागतो, आणि तो कापायचा खर्च एकदमच करावा लागतो. तो वसूल व्हायला हजारो खोकी विकली जायला हवीत. म्हणून कंपन्या वॉटर्लू काढतात, दुसरं महायुद्ध काढतात, रोमन काढतात. शिंद्यांचे कंपू कोण काढणार? शिशाच्या फिगरला रबराचा साचा पुरतो, स्वस्तात होतो, म्हणून असले आडवळणाचे विषय आजही धातूतच सापडतात. माझे ऐंशी टक्के धातूचे आहेत.

जुना शिसेवाला

वा! शेवटी शिसंच कामाला आलं.

एक इशारा सगळ्यांना. वॉटर्लूचं प्लास्टिक किट घेऊन आसईचे गोरे करायला जाऊ नका. पुढे उंच पट्टी असलेला तो बेल्जिक शाको (उंच लष्करी टोपी) १८१२ चा. १८०३ मध्ये तो कुणी पाहिलाही नव्हता. त्यातून हिंदुस्थानात गोल हॅट चालायच्या. मद्रासच्या शिपायांचं तर वेगळंच, डोक्याला पगडीवजा टोप आणि खाली जांघिया, पाय उघडे. प्लास्टिकच्या पाटलोणीतून उघडे पाय कसे कोरणार? डोकं बदलता येतं, मांडी नाही बदलता येत.

रेझिनराव

मांडी छापता येते, काका. 😀

जुना शिसेवाला

आला! वाटच बघत होतो.

रेझिनराव

मग बोलतोच. रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवर आज जे तपशील येतात ते शिशाच्या साच्यात येत नाहीत. एक पुतळा तयार केला की डोकी बदला, हात बदला, शंभर वेगळे शिपाई. साच्याचा खर्च नाही, म्हणजे कंपनीला परवडतं का हा प्रश्नच नाही. आसईसारख्या लढाईला तर हेच औषध.

जुना शिसेवाला

आणि संगिनी? टेबलावर बेस (फिगरखालची पट्टी) टेकवला की टिक् करून तुटतात. माझ्या शिशाच्या संगिनी वाकतात, मी नखाने सरळ करतो. चाळीस वर्षांपूर्वीची पलटण अजून मैदानात आहे. तुमची प्रदर्शनाच्या दुपारपर्यंत टिकली तर सांगा.

आणि तो वास. हातमोजे काय, मास्क काय, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा काय, यूव्हीखाली भाजा काय. छंद आहे की प्रयोगशाळा?

रेझिनराव

संगिनीचं मान्य, लवचीक रेझिन मिसळलं तर कमी होतं पण जात नाही. हातमोजे आणि हवेशीर खोली मात्र चेष्टेवारी नेऊ नका. कच्चं रेझिन कातडीला लागलं की ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की आयुष्यभराची. धुतलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका, उन्हात ठेवून त्यातलं रेझिन घट्ट होऊ द्या, मग गाळा. शिसंसुद्धा काही तूप नाही काका, कानस मारल्यावर हात धुता ना?

जुना शिसेवाला

धुतो. जेवणाआधी.

ब्रशबहाद्दर

दोघांनी एकत्र टेबल मांडलं पाहिजे, त्यासाठी मी तिकीट काढीन.

अवांतर: फाइल विकत घेऊन छापलेल्या फिगर पुढे विकायच्या असतील तर परवाना आधी वाचा. बहुतेक फाइली स्वतःपुरत्या छापायला असतात.

नकाशावाचक

मला एक वेगळीच काळजी आहे. कंपूंना लाल कोट, ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांना लाल कोट. चार फुटांवरून बघणाऱ्याला कळणार कसं कोण कुणाचं? रंगकाम जितकं अचूक तितका गोंधळ जास्त.

तिरपी फळी

अगदी. माझ्या बायकोने पहिल्यांदा मांडणी बघितली आणि विचारलं, "एकाच बाजूचे लोक एकमेकांना का मारतायत?" इतिहासाच्या दृष्टीने प्रश्न चुकीचा नाहीच म्हणा.

तोडगा असा केलाय: शिंद्यांच्या बेसची कड गडद काळी-तपकिरी, कंपनीच्या बेसची कड हिरवट. निशाणं दोन्हीकडे थोडी मोठी, प्रमाणाच्या दीडपट. आणि तोफा. शंभर तोफांसाठी तेरा मॉडेल, प्रत्येक ४ सेंमी रुंद, म्हणजे ८० सेंमीच्या आघाडीत ५२ सेंमी नुसत्या तोफा! पितळी रंगात. ते दिसल्यावर कोण कुणावर चालून जातंय हे सांगावं लागत नाही. पहिल्यांदा मांडल्या तेव्हा मीच गप्प झालो. पुस्तकात "शंभर तोफा" वाचणं वेगळं आणि त्या भिंतीकडे आपली वीस फिगरची पलटण सरकवणं वेगळं.

पाचवा मावळा

लढाईनंतर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. आणि त्यांचे मेले, जखमी झाले, हरवले मिळून १,५८४. साडेचार हजारांच्या फौजेतले. जिंकले म्हणायचं खरं.

खेळात एक नियम ठेवा: तोफ पार केली म्हणजे ती मेली नाही. गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि रांग पुढे गेल्यावर उठून पाठीत बार काढले. ते टेबलावर यायलाच हवं.

तिरपी फळी

घेतलाय. तोफ पार केल्यावर तिच्यामागे पालथी फिगर ठेवायची. पुढच्या डावाला फासा टाका, ५ किंवा ६ आला तर गोलंदाज उठला.

नद्यांचा अहवाल आता. केळणा ओतली, आणि फुटली.

दोन भागांचं पारदर्शक रेझिन एका दमात १२ मिमी ओतलं. ते घट्ट होताना तापतं हे माहीत होतं, पण जाड थरात उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. खालचा फोम मऊ झाला, तळ बसला आणि फळीच्या सांध्यातून केळणा टेबलाखाली वाहिली. सकाळी जमिनीवर हातभर लांबीची पारदर्शक जीभ. खरवडून काढली, ती जपून ठेवलीय.

आता तळ पीव्हीएने तीनदा बंद केला, सांध्याला ॲक्रिलिक सीलंट, आणि ३-३ मिमीचे थर, दोन थरांत पूर्ण एक दिवस. गढूळपणासाठी प्रत्येक थरात तपकिरी रंगाचे दोन-तीन थेंब, वरच्या थरात सर्वात कमी. पूर्ण पारदर्शक पाणी केलं तर तळ दिसतो, आणि तळ दिसला की खोली दिसते, आणि खोली दिसली की उतार कुठे आहे ते दिसतं! गढूळ नदी इथे रंगाची बाब नाही, ती नियमांची बाब आहे.

नकाशावाचक

हे वाक्य मी चोरणार.

वाचनमात्र

माझ्याकडे फळ्या वाकतात. तीन मिमीच्या एमडीएफवर पीव्हीए आणि वाळू लावली की सकाळी पापड. उपाय?

पाचवा मावळा

एका बाजूलाच ओलावा गेला की ती बाजू फुगते. मागच्या बाजूलाही त्याच वेळी रंगाचा हात द्या, कडाही बंद करा. आणि मोठ्या फळीला खालून आडव्या पट्ट्या. वाकलेली असेल तर मागून ओली करून वजनाखाली ठेवा, कधी सरळ होते, कधी नाही.

जुना शिसेवाला

आता प्रदर्शनाबद्दल. तिरपी फळी, तुमचं टेबल बघायचं आहे की खेळायचं? हे आधी ठरवा. बाहेरच्या मोठ्या प्रदर्शनांत याचे दोन वेगळे प्रकारच असतात. लंडनचं सॅल्यूट, साउथ लंडन वॉरलॉर्ड्सवाले १९७२ पासून भरवतात, किंवा नेवार्कचं पार्टिझन. तिथे डेमो टेबल वेगळं आणि सहभागाचं टेबल वेगळं. डेमोवर क्लबची माणसं खेळतात, लोक बघतात. सहभागाच्या टेबलावर येणारा-जाणारा बसून एखादा छोटा डाव खेळून जातो. दोन्ही एकात करायला गेलं की एकही नीट होत नाही. मी खूप बघितलंय: सुंदर टेबल, दोरी बांधलेली, मागे चार जण चहा पितायत आणि फासे दिवसभर डबीतच.

ब्रशबहाद्दर

दोरी असावीच. लहान मुलं आणि जाडजूड बॅगा, या दोन गोष्टींनी माझ्या दोन गढ्या पाडल्यात.

पण काका, नुसतं बघायच्या टेबलाला कमी लेखू नका. सिबोर्नचं वॉटर्लूचं मॉडेल घ्या. विल्यम सिबोर्न १८३० मध्ये ला हे सांतच्या शेतघरात आठ महिने राहून मैदान मोजत बसला. हयात अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली, संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही कुठे होता, समोर कोण होतं, शेतात पीक काय होतं. १८३८ मध्ये मॉडेल लंडनमध्ये लोकांसाठी मांडलं. ७० हजारांहून अधिक इवलेसे सैनिक. आज ते नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. त्यावर कुणी फासे टाकले नाहीत, तरी प्रशियाच्या फौजा कुठे दाखवल्या यावरून वाद पेटलाच. टेबल नुसतं बघायचं असलं तरी ते बाजू घेतं.

नकाशावाचक

सहमत, पण त्याच्या थोडं आधीचं उदाहरण उलट आहे. प्रशियात बॅरन रायस्विट्झने १८१२ मध्ये राजाला युद्धखेळाचं टेबल भेट दिलं. त्यात भूरचनेच्या सुट्या चौकोनी फरशा होत्या, कुठेही बसवा, नवं मैदान तयार. म्हणजे आज आपण ज्याला मॉड्युलर टेरेन म्हणतो ते दोनशे वर्षांपूर्वी राजवाड्यात होतं. मुलाने १८२४ मध्ये तोच खेळ १ ला ८००० च्या नकाशावर नेला आणि देखणेपणा सोडला. सैन्यात पसरला तो नकाशावाला.

जुना शिसेवाला

म्हणजे देखणं टेबल राजाकडे आणि खेळ सैन्याकडे. माझंच म्हणणं झालं की.

तिरपी फळी

माझं उत्तर: खेळायचंच. म्हणूनच चार फूट रुंदी. दोन्ही बाजूंनी हात दोन फूट पोचतो, कुणालाही फिगरसाठी टेबलावर पोट टेकवायला लागत नाही. सिबोर्नचं मॉडेल मध्यभागी कुणाचाच हात पोचणार नाही एवढं मोठं आहे, तो त्याचा धर्म. माझा वेगळा.

पण अख्खी लढाई दीड तास खाईल. म्हणून तीन प्रसंग केले. पहिला: नदी कुठून ओलांडाल? हा पाच मिनिटांचा. दुसरा: वेलस्ली नदी ओलांडून बगलेवर उतरलाय, पोलमनला अख्खी रांग काटकोनात वळवायची आहे, वेळेत वळते का? तिसरा: तोफांवर चाल. ज्याला जेवढा वेळ तेवढं खेळावं.

दुसरा प्रसंग माझा लाडका. आपण नेहमी वेलस्लीच्या चतुराईवर थांबतो. तो बगलेवर उतरला तेव्हा समोरची फौज गडबडून जाईल असा त्याचा अंदाज होता. पोलमनचे कंपू कवायतीने वळले, उजवी बाजू केळणेला, डावी आसई गावाला आणि जुईला टेकवून नवी रांग उभी. ते ज्याने स्वतःच्या हाताने आठ पलटणी एकेक करून वळवून बघितलंय त्यालाच कळेल काय कवायत होती ती.

पाचवा मावळा

+१. यासाठी तरी येणार.

तिरपी फळी

प्रदर्शन झालं. हात दुखतायत, थोडक्यात लिहितो.

फळ्या सुखरूप पोचल्या. तीन फळ्यांचा सांधा मात्र दिव्याखाली भयंकर दिसला, घरी पिवळ्या दिव्यात कधी जाणवला नव्हता. सुटं गवत डबीत नेलं होतं, ते सांध्यावर भुरभुरवून वेळ मारून नेली. ज्याला टेबल न्यायचंय त्याने पांढऱ्या उजेडात एकदा बघून घ्या, आणि सुटं गवत, पीव्हीए, चिमटा, जास्तीच्या संगिनी असा डबा बरोबर ठेवा. रेझिनरावांच्या छापील फिगरपैकी चार संगिनी गेल्या. काकांच्या शून्य, पण काकांच्या दोन निशाणांच्या काठ्या वाकल्या, ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही.

उताराचा प्रसंग एकूण एकोणीस जण खेळले. बहुतेक जणांनी समोरूनच, तोफांच्या तोंडावरून जायचं ठरवलं. तीन जण पार पश्चिमेला वळसा घालायला निघाले. दोघांनी एकट्या गावापाशी प्रयत्न केला आणि बुडाले.

पिंपळगाव-वारूड सापडलं चौघांना. त्यातल्या तिघांना लढाई आधीच माहीत होती, त्यांनी तसं कबूलही केलं. चौथ्या बाई होत्या, मुलाला घेऊन सहज थांबलेल्या. लढाईचं नाव ऐकलेलं नव्हतं. पाच-सात सेकंद बघितलं आणि दोन गावांच्या मधे बोट ठेवलं. मी विचारलं, कशावरून? म्हणाल्या, "या गावच्या मुली त्या गावात दिल्या असणार. मग जायला वाट नको?"

नकाशावाचक

😮

जुना शिसेवाला

वेलस्लीच्या खलित्यात हे कारण नाही. टाकायला हवं होतं.

रांग वळवायचं काय झालं? पोलमन जमला का लोकांना?

तिरपी फळी

सात डाव झाले. चार वेळा वेळेत वळला, दोनदा निम्मी रांग वळताना सापडली. एकदा खेळणाऱ्या मुलाने वळवलीच नाही, सरळ सगळं घोडदळ नदीपार सोडलं आणि वेलस्लीचं सामान लुटलं. नियमात त्याला बंदी नव्हती. आता घालू का, या विचारात आहे.

पाचवा मावळा

मुळीच घालू नका!

रेझिनराव

फोटो टाका. आणि माझ्या त्या चार संगिनी सापडल्या का?

तिरपी फळी

तीन सापडल्या. चौथी केळणेत चिकटलीय, वरच्या थराला अजून किंचित चिकटपणा आहे, मिश्रणाचं प्रमाण चुकलं असणार. काढायला गेलो तर पाण्यावर ओरखडा येईल, म्हणून राहू दिली. फोटो उद्या टाकतो. तिसरी फळी परतीच्या वाटेत एका कोपऱ्याला उचललीय, आत्ता तिच्यावर शिसेवाल्या काकांच्या डब्यांचं वजन ठेवलंय.

जुना शिसेवाला

बघा, रेझिनचे डबे ठेवले असते तर?